आपत्तीसक्षम आणि शाश्वत पायाभूत बांधकाम (कोल्हापूर परिसर)

संरचना अभियांत्रिकीतील एक संकल्पना. पूल, रस्ते, धरणे, पाणीयोजना, वीज उपकेंद्रे, रुग्णालये ही बांधकामे आपत्तीत किती तग धरतात, बंद पडली तर किती लवकर पुन्हा चालू होतात आणि हे साधताना दगड, वाळू, सिमेंट, इंधन किती खर्ची पडते, याचा एकत्र विचार तिच्यात होतो. गेल्या काही दशकांत या विषयावर देशोदेशी आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या आहेत. कोल्हापुरात त्याची चर्चा वर्गाबाहेर, चावडीवर आणि महापालिकेत आली ती २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांमुळे.

संकल्पनेची दोन टोके वेगवेगळ्या ठिकाणाहून आली. शाश्वत विकासाची आज रूढ असलेली व्याख्या १९८७ च्या, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली. धक्का खाऊन पुन्हा सावरण्याची कल्पना १९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या पर्यावरणशास्त्रज्ञाने परिसंस्थांच्या संदर्भात मांडली होती. भूकंप अभियांत्रिकीत तिला मोजता येण्याजोगे रूप मिळाले ते २००३ मध्ये, मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांच्या मांडणीतून. मजबुती, पर्यायी व्यवस्था, साधनांची जुळवाजुळव आणि वेग हे त्यांनी सांगितलेले चार गुण. एखादी सेवा आपत्तीच्या दिवशी शंभर टक्क्यांवरून किती खाली येते आणि मूळ पातळीवर यायला किती दिवस घेते, याचा आलेख काढला तर एक त्रिकोण दिसतो. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे समाजाने सोसलेले नुकसान. मजबूत बांधकामाने त्रिकोणाची खोली कमी होते, झटपट दुरुस्तीने त्याचा पाया, म्हणजे सेवा बंद राहण्याचा काळ, आखूड होतो. आपल्याकडे बहुतेक पैसा खोलीवर खर्च होतो. त्रिकोणाच्या पायाकडे लक्ष जाते ते पाणी ओसरल्यावर.

आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीचा २०१५ मधील सेंदाई आराखडा आणि त्याच वर्षीच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पायाभूत सुविधांविषयीचे नववे उद्दिष्ट यांनी दोन्ही टोके सरकारी धोरणात एकत्र आणली. भारताच्या पुढाकाराने आपत्तीसक्षम पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. कोल्हापूर-सांगलीचा महापूर त्याच्या आदल्याच महिन्यातला.

पाण्याचा भूगोल

जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मि.मी.पेक्षा अधिक पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत शहराजवळ येतो. पुढे कृष्णा आधीच भरलेली असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला जायला जागा उरत नाही आणि फुगवटा मागे सरकतो. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पावसाळ्यात ‘पाणी किती फुटांवर?’ हा प्रश्न इथे दुकानात, बसमध्ये, फोनवर रोज विचारला जातो, आणि उत्तर फूट-इंचांतच मिळते.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

परिषदांच्या भाषेत ज्याला आज आपत्तीसक्षम रचना म्हणतात तिचा एक अस्सल नमुना याच जिल्ह्याच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जातो. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करतात. खांबांच्या कडांना उभ्या खाचा असतात. पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरात, या खाचांमध्ये एकावर एक बरगे बसवतात. पूर्वी ते लाकडी फळ्यांचे असत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी आहेत. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या पोकळीत माती ठासून भरत, म्हणजे गळती कमी होई. पाणी नदीच्या पात्रातच साठते, कुणाची जमीन बुडत नाही, कुणाला उठवावे लागत नाही. काठावरचे शेतकरी पंपाने ते उसाला उचलतात.

पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले जातात, आणि रचनेचे सगळे मर्म इथे आहे. भिंतीवर स्थिर पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: खोली दुप्पट तर रेटा चौपट. बरगे निघाले की भिंतच राहत नाही. पात्रात उभे असतात ते अरुंद खांब, आणि पाणी त्यांच्या मधून, पुढे त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. ‘राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे पाण्याखाली’ ही ओळ दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येते. बाहेरच्या माणसाला ती वाईट बातमी वाटते. प्रत्यक्षात बंधारा बुडण्यासाठीच बांधलेला असतो, अडचण होते ती त्याच्या माथ्यावरून पलीकडच्या गावाला जाणाऱ्यांची. त्यांना मग लांबचा वळसा पडतो.

उणिवाही आहेत. बरगे चोरीला जातात, गंजतात, खाचेत अडकतात. केंदाळ आणि वाहून आलेली झाडे खांबांना अडून राहतात. सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची: २०२५ मध्ये मान्सून मेअखेरीसच महाराष्ट्रात पोचला. अशा वर्षी बरगे काढायला माणसे पोचेपर्यंत पाणी चढलेले असू शकते. रचना हुशार असली तरी ती चालवणारा माणूस वेळेवर हवा.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे याच्या उलट आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धरणाचे काम हाती घेतले होते. जलाशय पूर्ण भरला की दरवाजे आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. वीज गेली, रस्ता बंद झाला, कर्मचारी पोचला नाही, तरी काम अडत नाही. मात्र पाणी कधी सोडायचे हा निर्णयही या दरवाजांपुरता माणसाच्या हातात राहत नाही.

महापुरात काय बंद पडले

२०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग सुमारे आठवडाभर बंद होता. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. रस्ता वाहून गेला नव्हता, तो फक्त पाण्याखाली होता. तरीही ट्रकच्या रांगा लागल्या, इंधनाची टंचाई झाली, मुंबईकडे जाणारे दुधाचे टँकर थांबले. पूरमैदानात उंच मातीचा भराव घालून रस्ता नेला की तो आडव्या बांधासारखा पाणी अडवतो. त्यामुळे भरावाऐवजी खांबांवरचा पूल, निदान पुरेशा रुंदीच्या मोऱ्या, ही इथली जुनी मागणी आहे. खर्च जास्त येतो हे खरे. पण तो मोजताना बंद राहिलेल्या महामार्गाचा आठवडा हिशेबात धरायला हवा, आणि तो सहसा धरला जात नाही.

शहराची पाणीयोजना हे दुसरे उदाहरण. शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे नदीकाठीच असल्याने पुरात पाण्यात गेली आणि शहराला पुराच्या वेढ्यात टँकरची वाट पाहावी लागली. २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ कि.मी.च्या थेट जलवाहिनीने पाणी आले, म्हणजे एक पर्यायी स्रोत मिळाला. वर सांगितलेल्या चार गुणांपैकी दुसरा तो हाच. ही योजनाही विजेच्या पंपांवर चालते, त्यामुळे वीज उपकेंद्रे पुराच्या पातळीच्या वर असणे तितकेच गरजेचे.

पुलांच्या बाबतीत पुराचा धोका बहुतेकदा डोळ्यांना न दिसणारा असतो. वेगाने वाहणारे पाणी खांबाच्या पायाभोवतीची माती खरवडून नेते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि वाहने वाहून गेली. त्याच्या जागी १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. वेग या गुणाचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण, फक्त त्याआधी माणसे गेली होती.

पूर आणि भूकंप यांची ओढाताण

भूकंपरोधक रचनेच्या आय.एस. १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर भूकंप क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात १०३ मी. उंचीच्या कोयना धरणाला वरच्या भागात, जिथे खालच्या बाजूचा उतार बदलतो, तिथे आडवे तडे गेले होते. पुढे धरणाला काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट केले गेले. धरण अभियांत्रिकीच्या जगभरच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकवले जाते.

आता पूरपट्ट्यातल्या इमारतीचे पाहू. पाणी खालून जावे म्हणून तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवायचा, हा सरळ उपाय. वाहने लावायची सोयही होते. पण वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती आणि खाली मोकळे खांब, म्हणजे भूकंप अभियांत्रिकीच्या दृष्टीने ‘मऊ मजला’. जमीन हलली की बहुतेक सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत अशा इमारती पडल्या. मार्ग निघतो: प्रवाहाच्या दिशेला समांतर अशा काँक्रीटच्या भिंती ठेवल्या तर पाणी अडत नाही आणि त्या दिशेने ताठरता मिळते. आडव्या दिशेसाठी जिना-लिफ्टचा काँक्रीटचा गाभा उपयोगी पडतो. सळईच्या रिंगा आय.एस. १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे जवळजवळ बांधल्या आणि त्यांचे हुक १३५ अंशांत वळवले, तर खांब एकदम फुटत नाही. सेंट्रिंगवर उभे राहून पाहिले तर नव्वद अंशांतच वळवलेले हुक आजही सर्रास दिसतात.

शाश्वतता : राख, वाळू आणि सिमेंट

जगातील कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. म्हणून सिमेंटचा काही भाग दुसऱ्या पदार्थाने भरून काढण्याचे प्रयोग सर्वत्र चालू आहेत. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरणाऱ्या नव्या सिमेंटसाठी २०२३ मध्ये भारतीय मानक आले. कोल्हापूरकडे स्वतःचा माल आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख सिलिकायुक्त असते, बारीक दळली तर सिमेंटच्या चुन्याशी रासायनिक क्रिया करते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीतून वापरून टाकलेली वाळू निघते, ती काही प्रमाणात काँक्रीटमध्ये किंवा पेव्हिंग ब्लॉकमध्ये घालता येते. राखेत न जळलेला कार्बन राहिला की पाणी जास्त लागते आणि प्रत बिघडते. वाळूत ओतकामाचे बंधक शिल्लक असतात, त्यांची चाचणी करावी लागते. प्रत्येक कारखान्याची राख वेगळी, हे व्यवहारातले खरे दुखणे.

परिषदांची पद्धत

या क्षेत्रातील जुन्या संघटनांपैकी पूल व संरचना अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय संघटना १९२९ पासून झुरिकमध्ये आहे. भूकंप अभियांत्रिकीची पहिली जागतिक परिषद १९५६ मध्ये बर्कलीला भरली, सहावी १९७७ मध्ये नवी दिल्लीत. ठरलेला क्रम असा: आधी निबंधांचे सारांश मागवायचे, तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, मग बीजभाषणे, समांतर सत्रे, निबंधसंग्रह आणि जवळच्या एखाद्या बांधकामाला भेट. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात शिवाजी विद्यापीठ (स्थापना १९६२), सांगलीचे वालचंद महाविद्यालय (१९४७) आणि इतर अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने अशा विषयाला इथे मनुष्यबळ कमी नाही.

भारतीय परिषदांतील निबंधांत एक ठसा ओळखू येतो. दहा-वीस टक्के सिमेंट बदलायचे, काँक्रीटचे १५० मि.मी.चे क्यूब ओतायचे, ताकद पाहण्यासाठी ७ आणि २८ दिवसांनी फोडायचे, आकडे मांडायचे. पावसाळ्यामागून पावसाळे पाण्यात उभ्या राहिलेल्या खांबाचे काँक्रीट आतून कसे आहे, याची मोजमापे त्या मानाने फार थोडी. महापालिकेचा अभियंता, पाटबंधारे विभागाचा शाखा अभियंता आणि बरगे बसवणारा ठेकेदार यांना व्यासपीठावर बोलावले तर त्या तुटवड्यातला काही भाग एका दुपारी भरून निघेल.

पूररेषा

राज्यात निळी पूररेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी मिळते. वादाची जागा नेमकी तीच. मुरूम टाकून प्लॉट उंच केला की त्या घराचे पाणी टळते आणि शेजारच्या वसाहतीत चढते. वाटही अडते, साठवणही घटते. दोन वर्षांच्या अंतराने शंभर वर्षांचा मानला जाणारा पूर आला, तेव्हा या रेषा पुन्हा आखण्याची मागणी झाली. स्थलांतर हा अखेरचा उपाय. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला पर्यायी जागा दिल्या गेल्या. शेती आणि गोठे नदीकाठीच राहिल्याने अनेक कुटुंबांचा मुक्काम जुन्या गावातच आहे. पाणी चढू लागले की ती जनावरांसह सोनतळीकडे निघतात.