आतड्यात दरवाजे कोण बसवतं?

पोलिओ रविवारी बूथवर एक आजी विचारत होत्या, "अहो, दोन थेंब तोंडात टाकले तर ते पोटात जाऊन पचून नाही का जाणार?" बूथवरच्या ताई "नाही हो आजी" म्हणाल्या आणि पुढच्या बाळाकडे वळल्या, गर्दीच तेवढी होती. पण प्रश्न भारी आहे.

लहान आतड्यात बोटांसारखे उंचवटे असतात हे शाळेत शिकलोय. त्यांच्यामध्ये काही ठिकाणी गुळगुळीत घुमट दिसतात, ते पेयर्स पॅच, स्वित्झर्लंडच्या योहान पेयरने 1677 मध्ये त्यांचं वर्णन केलं. घुमटाखाली पांढऱ्या पेशींची वस्ती, आणि वरच्या अस्तरात मधूनमधून एम सेल नावाची एक वेगळीच पेशी. शेजारच्या पेशींच्या डोक्यावर ब्रशसारखे दाट केस असतात, हिचं डोकं जवळपास साफ, नुसत्या बारीक चुण्या. आणि खालून पोटात खळगा, त्यात पांढऱ्या पेशी चक्क जाऊन बसलेल्या! आतड्यातला जंतू ही पेशी उचलते आणि न पचवता, अख्खाच्या अख्खा खाली त्या पांढऱ्या पेशींकडे सोपवते, म्हणजे ही आतड्यातला दरवाजाच.

आता ही बनते कशी, तो माझा सगळ्यात आवडता भाग. आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत नवं होतं, खालच्या खाचेतल्या स्टेम सेल नव्या पेशी काढत राहतात आणि त्या वर सरकता सरकता कोण होणार ते ठरतं, कुणी अन्न शोषणारी, कुणी चिकट म्युकस सोडणारी. पण घुमटाच्या बाजूने चढणाऱ्या पेशीला खालच्या पेशींकडून रँक-एल नावाचं प्रोटीन मिळतं, ते तिच्यावरच्या रँक रिसेप्टरला (कुलपात किल्ली बसावी तसं) बसतं, मग आत स्पाय-बी हा जीन जागा होतो आणि तो बाकीचे जीन चालू करतो. ज्या उंदरांत रँक-एलच नाही त्यांच्यात एम सेल जवळपास दिसतच नाहीत, आणि साध्या उंदराला बाहेरून रँक-एल टोचलं तर एरवी जिथे नसतात त्या उंचवट्यांवरही उगवतात. गंमत म्हणजे हाडं झिजवणाऱ्या पेशीही ह्याच रँक-एलने तयार होतात!

आणि तयार झालेली एम सेल स्वतःच ओपीजी नावाचं प्रोटीन सोडते, ते रँक-एलला धरून ठेवतं, म्हणजे शेजारणी सगळ्याच एम सेल होत नाहीत. शरीर स्वतःहून दरवाजे मोजकेच ठेवतं, म्हणून "इम्युनिटी बूस्ट करा, आतडी धुऊन काढा" असल्या पावडरींवर कृपया पैसे घालवू नका.

तर आजी, लसीतला दुबळा केलेला विषाणू ॲसिडमधून जिवंत सुटतो, एम सेलला चिकटून आत शिरतो, आतड्यातच वाढतो आणि तिथेच आयजीए अँटिबॉडी (विषाणूला अडवणारी प्रोटीनं) तयार होतात, म्हणजे पहारा नेमका खरा पोलिओ जिथून घुसतो तिथेच बसतो.

टायफॉइडच्या जंतूलाही हीच वाट सापडलीय. तो एम सेलमधून पेयर्स पॅचमध्ये उतरतो, आणि उपचार नाही मिळाले तर साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडायची जी भीती असते ती ह्याच घुमटांच्या जागी.