खरचटल्याने जीव जातो? हिमोफिलियाबद्दल थोडं नीट
‘हिमोफिलिया असलेल्याला जरा खरचटलं तरी रक्त वाहून जीव जातो,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. तसं नाही. छोट्या जखमेचं तोंड आधी प्लेटलेट बुजवतात, आणि या आजारात त्या ठणठणीत असतात. कमी असतो तो फॅक्टर ८ किंवा ९, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. म्हणून रक्त जोरात नाही, जास्त वेळ वाहतं. खरचटलेलं दाबून धरलं की सहसा थांबतं.

खरी काळजी आतल्या रक्तस्रावाची. गुडघ्यात, कोपरात, घोट्यात पुन्हा पुन्हा रक्त साचून सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. डोक्याला मार लागला तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

१८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरांनी अशा रक्तस्रावाचा त्रास असलेल्या कुटुंबाची नोंद केली, तेव्हा हे फॅक्टर कुणाला ठाऊकच नव्हते.

पडताळायचंय? रिपोर्ट बघा: प्लेटलेट सहसा नॉर्मल, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) बहुधा लांबलेला. निदान पक्कं होतं ते फॅक्टरच्या चाचणीनेच.