नाष्ट्याचं सॉसेज: नाव इंग्रजी, जात जर्मन

थंड तव्यात सॉसेज मांडायची, अर्धी वाटी पाणी घालायचं, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवायची आणि मग पाणी आटवून खरपूस परतायची. ब्रेकफास्ट सॉसेजची ही परदेशी कृती मी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी एका रविवारी जशीच्या तशी केली. सॉसेज फुगली, मधोमध तडकली आणि खाताना ओल्या स्पंजासारखी लागली. आत्या स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "काय करायलास रे हे? शिजलेलं परत शिजवायलास?" तिनं पाकिटाची मागची बाजू वाचली होती. मी फक्त कृती वाचली होती.

कृतीत चूक काहीच नव्हती, ती दुसऱ्याच पदार्थाची होती. इंग्लंड-अमेरिकेत नाष्ट्याला तळतात ते सॉसेज कच्च्या मांसाचं असतं. आपल्याकडे चिकन सेंटरच्या फ्रीजरमधून येतं ते बहुतेक वेळा कारखान्यात शिजून, थंड होऊन, गोठून आलेलं असतं. पाकिटावर नाव एकाचं आणि आत माल दुसऱ्याचा, ही अदलाबदल कशी झाली त्याचीच ही हकीकत.

मूळ कल्पना फार जुनी आणि फार गरजेची. जनावर कापलं की चांगले तुकडे लगेच संपतात, उरतात ती छाटणं, चरबी, रक्त आणि आतडी. छाटणं बारीक करायची, मीठ लावायचं आणि त्याच जनावराच्या आतड्यात भरायची. 'सॉसेज' हा शब्दच मुळी 'खारवलेलं' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. होमरच्या 'ओडिसी'त झोप न लागणारा नायक अंथरुणात कूस बदलत राहतो, तेव्हा कवीनं दिलेली उपमा अशी: चरबी आणि रक्तानं भरलेला कोथळा विस्तवावर धरून माणूस जसा सारखा इकडून तिकडे फिरवतो, तसा. सॉसेज भाजताना सतत फिरवावं लागतं हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नव्हती!

रोमनांच्या लुकानिका सॉसेजमध्ये मिरी आणि जिरं वाटून घालत आणि मग ते धुरावर टांगत. जिरं-मिरी म्हटल्यावर आपल्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटतं. स्पॅनिश लोंगानिसाचं नाव याच लुकानिकावरून आलं. सॉसेजची ही दक्षिण युरोपीय घराणी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरली आणि तिथे मिरची, लसूण, व्हिनेगर लागून 'चोरीस' हे गोव्याचं सॉसेज तयार झालं. सोलापूरहून गोव्याला सहलीला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सॉसेज पहिल्यांदा खाल्लं ते चोरीस-पावातच, असा माझा अंदाज आहे.

मग दख्खनच्या पठारावर असलं काही का झालं नाही? कच्चा माल तर इथे मुबलक होता. दख्खनी मेंढीच्या ज्या उपजाती सांगतात त्यात एक सोलापुरी, म्हणजे सांगोल्याकडची, आहेच. बारीक नाष्टा-सॉसेजला पारंपरिक वेष्टन लागतं तेही मेंढीच्याच आतड्याचं, साधारण बोटाएवढ्या जाडीचं. आजही जनावरांची साफ केलेली आतडी हा भारताच्या निर्यातीतला एक प्रकार आहे. पण आपण आतडी भरली नाहीत, शिजवली. वजडी चुना लावून, गरम पाण्यात खरवडून साफ करायची आणि काळ्या मसाल्यात रटरटवायची. रक्तीचं वेगळं, मुंडीचं वेगळं, खुरांचं वेगळं. आणि टिकवायचंच असेल तर ऊन होतं. दलित वस्त्यांमधून मांसाचे लांब पट्टे कापून दोरीवर वाळवत, त्या चान्या. माझ्या मते हा सरळ हवेचा प्रश्न आहे. युरोपात पहिलं दव गोठलं की डुक्कर कापायचं आणि थंडीच्या आधारानं मांस पुरवायचं. सोलापुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. इथे ओलं मांस वेष्टनात बंद करून टांगणं म्हणजे आजाराला आमंत्रण. पातळ पट्टा मात्र दोन-तीन उन्हांत लाकडासारखा होतो.

आता नाष्ट्याकडे. डुकरं कापायच्या दिवसांत अमेरिकेतल्या शेतावर जे मांस खारवायला किंवा धुराला लावायला सोयीचं नसे ते वाटून, मीठ, मिरी आणि सेज या सुगंधी झुडपाची पानं घालून ताजंच खाल्लं जाई. शेतावरच्या माणसाला पहाटे भरपेट लागायचं, म्हणून ते सकाळच्या ताटात गेलं. टिकीच्या आकाराचं असेल तर पॅटी, आणि आतड्यात भरून ठरावीक अंतरावर पीळ दिला तर लिंक. लिंक म्हणजे साखळीची कडी. ब्रिटिश भाऊबंदाची तऱ्हा थोडी निराळी, कारण त्यात मांसाबरोबर सुक्या पावासारखा रस्कचा चुरा असतो. टंचाईच्या काळात चुरा आणि पाणी वाढत गेलं. पाणी तापलं की वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की तव्यावर फट्. बँगर हे टोपणनाव या फटाक्यांवरून पडलं असं सांगतात.

थंड तव्याची, पाणी घालायची कृती या कच्च्या सॉसेजसाठी आहे. नैसर्गिक वेष्टन कोलॅजन या प्रथिनाचं असतं आणि साठ-पासष्ट अंशांच्या आसपास ते आकसतं. तवा कडक तापलेला असेल तर बाहेरचं आकसून फाटतं आणि आतलं मांस कच्चंच राहतं. थोड्या पाण्यात हळूहळू वाफवलं तर आतपर्यंत उष्णता पोचते, चरबी थोडी सुटते, मग त्याच चरबीत ते लाल होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम डुकराच्या खिम्याला आतून ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश असा आहे. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात, पण खिमा केला की ते सगळ्या लगद्यात मिसळतात. म्हणून सॉसेजच्या बाबतीत 'आतून जरा गुलाबी' हा शौक परवडत नाही.

या भीतीलाही इतिहास आहे. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॉसेज खाऊन माणसं मरत होती. आधी नजर दुहेरी व्हायची, मग गिळता येईना, शेवटी श्वास थांबायचा. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरनं (हा कवीही होता) १८२० साली ७६ रुग्णांची आणि १८२२ साली १५५ रुग्णांची हकीकत लिहिली, आणि सॉसेजमधून काढलेला अर्क स्वतः घेऊन त्याची लक्षणं टिपली. पुढे बेल्जियममध्ये एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांना खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली आणि १८९०च्या दशकात एमिल व्हान एर्मेंगेमनं त्यामागचा जंतू शोधला. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलस म्हणतात, त्यावरून आजाराचं नाव बोटुलिझम. सुरकुत्या घालवायचं बोटॉक्स हे याच विषाचं, अगदी सूक्ष्म मात्रेतलं रूप!

हा जंतू हवा नसलेल्या ओल्या जागी वाढतो, आणि भरलेलं आतडं म्हणजे नेमकी तीच जागा. सोरा, म्हणजे नायट्रेटचा क्षार, घातलेलं मांस टिकतं आणि गुलाबी राहतं हे खाटकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण काम करतो तो सोऱ्यापासून तयार होणारा नायट्राइट, हे रसायनशास्त्रानं नंतर दाखवलं. अमेरिकेनं १९२५ साली त्याचा थेट वापर मान्य केला. आपल्या पाकिटावर सोडियम नायट्राइट लिहिलेलं दिसतं ते इथून आलं. त्याची दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे सॉसेज महिन्यातून एखाद्या रविवारी होतं. रोजच्या डब्यात मी ते देणार नाही.

जर्मन भाषक मुलखातलं फ्रँकफुर्टर घराणं या सगळ्यापेक्षा वेगळं. त्यात मांस नुसतं बारीक करत नाहीत, बर्फ घालून इतकं वाटतात की चरबी, पाणी आणि प्रथिनं मिळून गुळगुळीत लगदा होतो. बर्फ नसेल तर पात्यांच्या घर्षणानं लगदा तापतो आणि चरबी फुटून बाहेर येते. नंतर हे वेष्टनात भरून शिजवतात. शिकागोच्या एर्विन फ्रॉइंडनं १९२०च्या दशकात सेल्युलोजचं वेष्टन बाजारात आणलं. लगदा त्यात भरायचा, शिजवायचा, आकार धरला की वेष्टन सोलून टाकायचं. हेच बिनसालीचं सॉसेज. आतडी धुण्याची कटकट संपली, हजारो नग एका मापाचे निघू लागले. त्याच सुमारास जर्मनीत गुरांच्या कातड्याच्या आतल्या थरापासून खाता येणारं कोलॅजनचं वेष्टनही तयार झालं, तेव्हा गुराचं वर्ज्य असणाऱ्यांनी परदेशी मालाच्या पाकिटावर वेष्टन कशाचं ते जरूर बघावं.

सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, आणि टोस्ट, ऑम्लेट, कटलेट असा साहेबी नाष्टा रुजला तो रेल्वेच्या आणि छावण्यांच्या आधारानं. सॉसेज त्या पंगतीत बसलं नाही. डुकराचं मांस इथल्या मुसलमानांना वर्ज्य, बऱ्याच हिंदू घरांनाही नको, आणि बर्फाशिवाय ते टिकणार कसं? गाडी पुढे सरकली ती ब्रॉयलर कोंबडीमुळे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र झालं. कोंबडी स्वस्त, मांस खाणाऱ्या बहुतेकांना चालणारी, आणि यंत्रात गुळगुळीत होणारी. तिच्या मांसाला फ्रँकफुर्टरची कृती लावली आणि पाकिटावर नाव घातलं ब्रेकफास्ट सॉसेज. अदलाबदल झाली ती इथे.

तरी सोलापूरपर्यंत पोचायला वेळ लागलाच. उणे १८ अंशांची साखळी भारनियमनाच्या दिवसांत कशी टिकणार? त्या वर्षांत मी एका दुकानातून आणलेल्या पाकिटात सॉसेजपेक्षा बर्फाचा चुरा जास्त होता. म्हणजे एकदा वितळून पुन्हा गोठवलेलं. असं पाकीट हातानं चाचपलं की कळतं: नग सुटे खुळखुळत नाहीत, एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेलं असतं. आज इन्व्हर्टर आहेत, मॉल आहेत, तरी चाचपल्याशिवाय घेऊ नये.

बिनमांसाच्या सॉसेजलाही टंचाईनंच जन्म दिला. पहिल्या महायुद्धात कोलोनचा महापौर असलेल्या कोनराड आडेनाउअरनं सोयाबीन घालून सॉसेज बनवलं, आणि शत्रुराष्ट्र ब्रिटननं १९१८ साली त्याला पेटंट दिलं. हाच माणूस पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सलर झाला. बार्शीच्या सोयाबीनवाल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता आमच्या घरची रीत. शिजलेल्या, बिनसालीच्या सॉसेजला पाणी दाखवायचंच नाही, कारण त्यातला स्टार्च आणि सोया पाणी पिऊन फुगतात. रात्री पाकीट फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवायचं, सकाळी प्रत्येक नगावर दोन-तीन उथळ तिरक्या चिरा, लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, मध्यम आच, पाच-सहा मिनिटं, सारखं फिरवत.

कच्चं, खऱ्या अर्थानं नाष्ट्याचं सॉसेज करायचं तर कोंबडीच्या मांडीचा खिमा सालीसकट घ्यायचा, किलोला १५ ते १८ ग्रॅम मीठ, जाडसर मिरी, लसूण, आणि सेजच्या जागी कुंडीतलं ओव्याचं पान. सगळं थंडगार असताना लगदा हाताला चिकटेपर्यंत मळायचा. मिठानं मांसातली प्रथिनं सुटतात आणि त्यांनीच ते बांधलं जातं, अंडं-ब्रेड काही लागत नाही. बोटाएवढ्या वळकट्या करून तासभर फ्रीजमध्ये, मग थंड तवा, थोडं पाणी, झाकण. त्या रविवारची परदेशी कृती इथे तंतोतंत लागू पडते.

हा तवा आमच्याकडे मागच्या गॅलरीत वेगळा असतो, आणि सोमवारी, श्रावणात आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तो उलटाच टांगलेला राहतो. एरवी सॉसेज उतरवली की उरलेल्या तेलात आत्या कडक भाकरीचा चुरा आणि शेंगा चटणी परतते. घरातली पोरं आधी तेच संपवतात.