टिक-टिक करणारा तो बेडूक नवा कसा ठरतो?

राधानगरी-दाजीपूरच्या रानात पाऊस मुरला की अंधार पडताच कारवीच्या झुडपांतून टिक-टिक सुरू होते. हा आवाज राओर्चेस्टेस या प्रजातीतल्या (जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटातल्या) झुडपी बेडकाच्या नराचा असतो. अंगठ्याच्या पेराएवढा हा जीव. त्याला डबकं लागत नाही. मादी पानांवर किंवा ओल्या पाचोळ्यात अंडी घालते आणि त्यातून बेडूकमासा न निघता थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो.

असा बेडूक विज्ञानात अजून नोंद नसलेल्या नव्या जातीचा आहे का, हे ठरवताना रंगावर जाऊ नये. एकाच जातीत एक पिवळसर, दुसरा तपकिरी, तिसरा पट्ट्यांचा सापडतो. आकारही फसवतो, कारण मोठ्या जातीचं पिल्लू छोट्या जातीसारखं दिसतं. म्हणून नराची स्वरपिशवी किंवा मादीच्या पोटातली अंडी पाहून तो वयात आल्याची खात्री आधी करावी लागते.

खरी ओळख आवाजात असते. मादी आपल्याच जातीच्या नराकडे जाते ती आवाज ऐकून. ध्वनिमुद्रण एमपी-थ्रीत नको, वेव्ह फाइलमध्येच करावं. एमपी-थ्रीत आवाजाचे बारकावे कापले जातात. त्याच वेळी हवेचं तापमान लिहून ठेवायचं. नेमकी हीच नोंद सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. बेडूक थंड रक्ताचा, त्यामुळे गारठ्यात त्याची टिक-टिक मंदावते. तापमान न लिहिता दोन रात्रींची मुद्रणं शेजारी ठेवली तर एकच जात दोन वाटू लागते.

नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी हवीच, आणि घ्यावेत ते मोजकेच. पुढचा क्रम चुकवून चालत नाही. रंग उडतात म्हणून जिवंतपणीच छायाचित्रं घ्यायची. भूल देऊन प्राण गेल्यावर मांडीच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवायचा. हे फॉर्मलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, आधीच व्हायला हवं, कारण फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो. मग बोटं पसरून बेडूक ट्रेमध्ये नीट मांडायचा आणि बाजारातल्या फॉर्मलिनच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून त्यात कडक होऊ द्यायचा. बोटं आखडलेली राहिली तर त्यांच्या टोकांच्या चकत्या नि मधला पडदा मोजताच येत नाही. शेवटी पाण्याने धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा.

प्रयोगशाळेत बहुधा जाती ताडून पाहायला वापरल्या जाणाऱ्या १६-एस नावाच्या जनुकाचा, डीएनएच्या सुमारे ५०० अक्षरांचा तुकडा वाचतात. नात्यातल्या जातींहून तीन टक्क्यांच्या आसपास फरक दिसला की संशय बळावतो, पण हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. शरीररचना, आवाज आणि जनुक यांची साक्ष जुळली तरच दावा टिकतो.

सर्वांत जास्त वेळ खातं ते जुन्या वर्णनांशी पडताळणं. १९१९ मध्ये वर्णन झालेल्या राओर्चेस्टेस बॉम्बेएन्सिसच्या नावात मुंबई आहे, पण त्याचा मूळ नमुना आजच्या कर्नाटकातल्या कॅसलरॉकचा! तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मूळ ठिकाण न तपासता नावावर विसंबलं की तुलनाच चुकीच्या बेडकाशी होते.

सगळं जुळलं की एक नमुना होलोटाइप म्हणून निवडून संग्रहालयात जमा करतात. जातीचं नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं राहतं. नाव ठेवणाऱ्यांनी कधी आपल्या बोलीतलाही शब्द उचलला आहे: कोल्हापूरहून आजरामार्गे लागणाऱ्या आंबोलीतल्या, जांभ्या चिऱ्यात राहणाऱ्या एका बेडकाचं २०१४ मध्ये नाव ठेवलं इंदिराना चिरावासी.