पासवर्ड मागणारी थीम आणि न मागणारी थीम

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्याला तो सजवायचा असेल तर दोन रस्ते असतात. एक, डिस्ट्रोच्या (उबंटू, डेबियन अशा आपल्या लिनक्सच्या) रिपॉझिटरीतलं, म्हणजे अधिकृत साठ्यातलं, पॅकेज बसवणं: टर्मिनलमधून किंवा डिस्कव्हर या सॉफ्टवेअर बसवण्याच्या प्रोग्राममधून. दुसरा, सिस्टिम सेटिंग्जमध्ये थीमच्या पानावर 'नवीन मिळवा' अशा अर्थाचं जे बटण असतं ते दाबणं. चित्रं समोर येतात, आवडलं त्यावर क्लिक केलं की झालं. हा दुसरा माल केडीई स्टोअरमधून येतो, जिथे बाहेरचे लोक आपापल्या थीम टाकतात. डिस्कव्हरमध्ये तर दोन्ही प्रकार एकाच खिडकीत दिसतात, त्यामुळे आपण नेमकं कुठून काय घेतोय हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

वरवर पाहता फरक एकच जाणवतो. पॅकेज बसवताना पासवर्ड मागितला जातो, बटण दाबून घेतलेली थीम सहसा तो मागत नाही. लिनक्स नव्याने वापरू लागलेल्या बऱ्याच जणांचा त्यावरून समज होतो की पासवर्ड मागतंय म्हणजे जोखमीचं, आणि न विचारता बसलं ते बिनधोक. हा समज चुकीचा आहे, आणि तो महागात पडू शकतो.

पासवर्ड कशासाठी, ते आधी पाहू. पॅकेजच्या फायली सगळ्या मशीनसाठी असलेल्या फोल्डरांत जातात आणि ते बसवताना चालणाऱ्या स्क्रिप्टना रूटचे, म्हणजे मशीनवर सगळं करू शकणाऱ्या खात्याचे, अधिकार असतात, म्हणून परवानगी लागते. स्टोअरची थीम तुमच्याच होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. तिथे लिहायला तुमचं नाव पुरतं. म्हणजे पासवर्डवरून फाइल कुठे चालली आहे एवढंच समजतं. ती कोणी लिहिली, कोणी तपासली, याचा त्यात काही पत्ता नसतो. लॉगिनच्या पडद्याची थीम घ्या: ती येते स्टोअरमधूनच, पण सगळ्या वापरकर्त्यांसाठी असल्यामुळे पासवर्ड मागते.

आता घरच्या मशीनवर मोलाचं काय असतं? सिस्टिम पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकता येते. मुलांचे फोटो, अर्धवट लिहिलेला प्रबंध, हिशेबाच्या फायली, ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनं हे सगळं होम फोल्डरमध्ये असतं, आणि ते पुसायला किंवा वाचायला रूट व्हावंच लागत नाही. तुमच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम ते करू शकतो.

मार्च २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. एका वापरकर्त्याने केडीई स्टोअरमधून 'ग्रे लेआउट' नावाची ग्लोबल थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारी थीम, बसवली. तिच्यातल्या कोडमधून फायली पुसणारी 'आरएम' कमांड चालली, आणि त्याच्या नावावर असलेला सगळा डेटा गेला, जोडलेल्या ड्राइव्हवरचासुद्धा. पासवर्डची चौकट कुठेही आली नाही. मुद्दाम केलेला घात असल्याचं काही दिसलं नाही. वाईट लिहिलेल्या कोडचा तो परिणाम होता. त्याच्या काही आठवडे आधीच, २८ फेब्रुवारीला, प्लाझ्मा ६ आला होता आणि जुन्यासाठी लिहिलेल्या अनेक गोष्टी नव्यावर नीट चालत नव्हत्या. केडीईच्या लोकांनी ती थीम स्टोअरमधून काढली आणि उघडपणे सांगितलं की बाहेरच्यांनी बनवलेल्या थीम आणि विजेट वाटेल तो कोड चालवू शकतात, बसवताना जपा.

थीममध्ये कोड कशाला असतो, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथे 'थीम' हाच शब्द घोटाळा करतो. रंगसंगती म्हणजे रंगांचे आकडे लिहिलेली साधी मजकुराची फाइल. वॉलपेपर बहुतेक वेळा नुसतं चित्र, आणि आयकॉनचा संच म्हणजे चित्रांची थप्पी. पण ग्लोबल थीममध्ये पॅनेल मांडणाऱ्या स्क्रिप्ट असतात, सोबत विजेटही येऊ शकतात, आणि विजेट हा प्रोग्रामच असतो. फ्लॅटपॅक या प्रकारच्या पॅकेजमधल्या प्रोग्रामला बाकीच्या फायलींपासून दूर ठेवणारं कुंपण असतं, तसं त्याला नसतं. स्टोअरमध्ये हे सगळं सारख्याच आकाराच्या चौकटींत मांडलेलं असतं.

रिपॉझिटरीत मधे माणूस असतो. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला जबाबदार मेंटेनर असतो, यादीवर डिजिटल सही असते, आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची हे नंतरही शोधता येतं. तरी तिथे चुकत नाही असं नाही. त्याच मार्च २०२४ मध्ये, २९ तारखेला, एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनात पेरलेलं चोरदार उघडकीला आलं. ते डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंत पोचलं होतं. स्थिर आवृत्तीत मात्र शिरलं नव्हतं. नवं पॅकेज स्थिर आवृत्तीत पोचेपर्यंत मधे जाणारा वेळ कधी कधी असा कामी येतो. वेबसाइटवरून थेट उतरवलेल्या डेब फाइलच्या (डेबियन-उबंटूवर बसणाऱ्या पॅकेजच्या) मागे मात्र असा मेंटेनर किंवा अशी सही असेलच असं नाही. डिसेंबर २००९ मध्ये ग्नोम-लुक या थीमच्या साइटवर धबधब्याचा स्क्रीनसेव्हर म्हणून ठेवलेल्या डेब फाइलमध्ये दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ला करणारी स्क्रिप्ट निघाली होती. तिने पासवर्डही रीतसर मागितला असणार.

ग्नोम या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे डेस्कटॉपला जोडायच्या भरीच्या प्रोग्रामांच्या, साइटवर येणारा कोड प्रसिद्ध होण्याआधी तपासला जातो. मात्र एक्स्टेन्शन ग्नोम शेलच्या, म्हणजे डेस्कटॉप दाखवणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या, आतच चालतं, त्यामुळे ते बिघडलं तर सगळा डेस्कटॉप अडतो.

सोयीच्या बाबतीत स्टोअर पुढे आहे, हे मान्य केलंच पाहिजे. विविधता आहे, आधी रूप बघता येतं, नवं लगेच मिळतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हव्या त्या थीमचं पॅकेज बहुधा नसतंच. म्हणून स्टोअर बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. रंग, आयकॉन, वॉलपेपर मी तिथूनच घेते. ग्लोबल थीम किंवा विजेट घ्यायचं असेल तर त्यासाठी मशीनवर वेगळं यूजर खातं काढून ठेवलं आहे. तिथे बसवलेला प्रोग्राम माझ्या होममधलं काही पुसू शकत नाही. पण त्या खात्यात शिरण्याआधी बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवते, कारण तिथे जोडली गेली तर तिच्यावर त्या खात्याचाही हात चालू शकतो.