‘इंटरनॅशनल’ पाटीखालची शाळा: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासला लागून दोन-अडीच एकर जागा, तीन मजली रंगीत इमारत, फाटकाशी पिवळ्या बसची रांग आणि कमानीवर ‘इंटरनॅशनल स्कूल’. मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांत आता अशी एखादी शाळा सापडते. शिकवलं जातं ते बहुतांशी सीबीएसई, कुठे राज्य मंडळाचं इंग्रजी माध्यम. केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हे परदेशी अभ्यासक्रम क्वचित, तेही छत्रपती संभाजीनगरासारख्या मोठ्या शहरात.

मुळात आंतरराष्ट्रीय शाळा बदलीवर देशोदेशी फिरणाऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. आज या देशात, उद्या त्या देशात अशा मुलांना कुठेही चालेल असं प्रमाणपत्र हवं होतं. त्या गरजेतून १९६८ मध्ये आयबी आलं; पुढे १९८८ मध्ये केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई परीक्षा आली. भारतात कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाली आणि १९७६ मध्ये आयबी घेणारी देशातली पहिली शाळा ठरली. मराठवाड्यात हे नाव आलं तेव्हा अशी फिरती मुलं इथे जवळपास नव्हतीच. इथली गरज वेगळी होती, आणि ती जुनी होती.

निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. पुढच्या वर्गांत मुलांना मराठीतून शिकवायचं तर बहुधा लोकांनीच पैसा उभा करून शाळा काढायच्या, आणि त्यालाही सरकारची परवानगी लागे. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) या त्या काळातल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शिक्षक होते. म्हणजे सरकारी पैशाशिवाय चालणारी शाळा ही या भागाला नवी गोष्ट नाही. फरक इतकाच की तेव्हा खासगी शाळा मराठीसाठी निघत, आता इंग्रजीसाठी निघतात.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि चित्र पालटलं. १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. शाळा अनुदानावर आल्या आणि संस्थाचालक हा तालुक्याच्या राजकारणातला एक वजनदार माणूस झाला. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तोवर पालकांनी मनात माध्यमच बदललेलं होतं. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला, पाठोपाठ २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. अनुदान मागायचं नाही, परवानगी मात्र मिळते, असा सरळ मामला झाला. बायपासवरच्या बहुतेक इमारती या दोन कायद्यांनंतरच्या आहेत.

‘इंटरनॅशनल’ या शब्दाला मात्र अभ्यासक्रमाचा आधार असतोच असं नाही. सीबीएसईने २०१० मध्ये स्वतःचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम काढला होता, तोही २०१७ मध्ये गुंडाळला. दुसरीकडे संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं रोबोटिक्सच्या ओढीने जपानी शिकतात, आणि त्या शाळेच्या नावात हा शब्द नाही.

आता सुविधा. माहितीपत्रकात स्मार्ट क्लास आणि स्केटिंग रिंग पहिल्या पानावर असतात. शाळा टिकते ती जमीन, पाया आणि पाण्यावर.

सीबीएसईच्या २०१८ च्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे ८,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दोन एकर जागा लागते; मोठ्या शहरांत सवलत आहे. वर्गखोली किमान ५०० चौरस फूट, प्रयोगशाळा ६०० चौरस फूट, ग्रंथालय १४ बाय ८ मीटर. अडचण क्षेत्रफळाची कमी, सलगतेची जास्त. वाटणीत तुकडे झालेले गट, मधून गेलेला शिवरस्ता किंवा नाला असला की कागदावरचे दोन एकर तपासणीत एक प्लॉट म्हणून धरले जात नाहीत. त्यामुळे मोजणी आणि जमीन-वापराची कागदपत्रं बांधकामाआधी उरकलेली बरी.

त्यानंतर काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत न खोदता पाया भरला तर दोन-तीन वर्षांतच खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, तळमजल्याची फरशी मधोमध उचलली जाते. सगळ्यात आधी कलते ती कंपाउंडची भिंत, कारण तिच्या पायावर कुणी खर्च करत नाही. उपाय ठरलेले आहेत: कठीण मुरमापर्यंत खोदाई, जोत्यात मुरमाचे १५-२० सेंटिमीटरचे थर पाणी मारून धुम्मसाने ठोकणे, माती फार खोल असेल तर खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब आणि त्यांना बांधणारा प्लिंथ बीम. इमारतीभोवती मीटरभर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा हवाच, नाहीतर छपराचं पाणी थेट पायात उतरतं. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तो परिसर भूकंपक्षेत्र तीनमध्ये गेला, म्हणून विटांच्या बांधकामात खिडक्या-दारांवरून सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी तिथे टाळता येत नाही.

पाण्याचा हिशेब करून पाहावा. दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर, वसतिगृहाला १३५ लिटर असं प्रमाण धरतात. ५०० मुलांच्या दिवसशाळेला रोज २२,५०० लिटर लागले, म्हणजे दहा-बारा हजार लिटरचे दोन टँकर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा वर्षी पैसे मोजूनही टँकर वेळेवर येईल याची खात्री नसते. दहा हजार चौरस फुटांच्या छपरावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर साधारण ४.८ लाख लिटर होतात. ऐकायला भरपूर, पण वरच्या हिशेबाने तीन आठवडेच पुरतात. म्हणून मोठी टाकी बांधण्यापेक्षा वाळू-खडीच्या गाळणीतून ते बोअरमध्ये मुरवणं परवडतं. पहिल्या पावसाचं पाणी वळवून द्यायला विसरलं की गाळणी गाळाने बसते. बोअरचं पाणी जड असेल तर आरओ लावावं लागतं, आणि त्याचं नाकारलेलं पाणी संडासाच्या टाकीकडे न वळवता गटारात सोडणारे अजूनही आहेत.

फीचं वेळापत्रकही शेताशी बांधलेलं असतं. सोयाबीन विकून दिवाळीच्या सुमारास एक हप्ता, तूर विकून जानेवारी-फेब्रुवारीत दुसरा. भाव पडले की थकबाकी वाढते आणि पहिला फटका शिक्षकांच्या पगाराला बसतो. चांगला इंग्रजीचा किंवा गणिताचा शिक्षक वर्षाच्या मधेच निघून जातो तो यामुळे.

आणि दहावीनंतरची गळती. अकरावीला मुलगा लातूरला जाणार हे पालकांनी आधीच ठरवलेलं असतं: राज्य मंडळाचं कनिष्ठ महाविद्यालय आणि नीट-जेईईचे क्लास. राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेशासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच लागते, त्यामुळे बाहेर जाण्याचाही प्रश्न नसतो. म्हणून छोटी शाळा अकरावी-बारावीच्या परवानगीच्या भानगडीत सहसा पडत नाही. पैसा नर्सरी ते पाचवीत येतो, खर्चही तिथेच होतो. पाहणीसाठी सजवलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्यांची सीलं तशीच राहतात. आयजीसीएसई घेणाऱ्या शाळेला एक सोय आहे: भारतात तिची मार्चचीही परीक्षा होते, निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे प्रवेश चुकत नाहीत. मंडळ कुठलंही असो, २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. टाळणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेश घेताना मराठीचा शिक्षक पूर्णवेळ आहे की तासावर, एवढं विचारून घ्यावं.