विश्वासात टिकणे : ख्रिस्ती साधना (कोल्हापूर)

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः जाहीर कबूल करण्याचा विधी) झाल्यानंतर आयुष्यभर ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहण्यासाठी करायची रोजची साधना. तिचे आधार दोन : पवित्र शास्त्राचे (बायबलचे) नियमित वाचन आणि विश्वासात मुरलेल्या वडीलधाऱ्याची सोबत. सोबत असते ती वाचनाची गोडी लावण्यासाठी. हा क्रम उलटला आणि सारा भार सोबतीवरच राहिला की काय होते, ते बायबलमधल्या यहूदाच्या योआश राजाच्या हकिगतीत दिसते. तो सात वर्षांचा असताना गादीवर बसला, यहोयादा याजक हयात होता तोवर सरळ वागला आणि याजक वारल्यावर सरदारांच्या नादाने मूर्तिपूजेकडे वळला (2 इतिहास 24).

कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. त्यांनी शाळा काढल्या. पुढे हे काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. प्रेसबिटेरियन पद्धतीत पाळकाच्या (धर्मगुरूच्या) जोडीला मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, निवडलेले ‘वडील’ असतात आणि घरोघरच्या विश्वासाची विचारपूस हे त्यांचे कामच असते. पदावर नसलेली, पण वचनात (बायबलच्या शिकवणीत) पक्की अशी मावशी किंवा काकाही मार्गदर्शक होऊ शकतात. पौल प्रेषिताचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून आलेला होता (2 तीमथ्य 1:5).

प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात 66 पुस्तके व 1189 अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर वर्षात सगळे वाचून होते. नवखा माणूस मात्र 1 जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून उत्साहाने सुरुवात करतो आणि महिनाअखेरीस लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांशी अडकतो. त्याने आधी मार्क हे येशूच्या चरित्राचे पुस्तक वाचावे : रोज एक अध्याय, सोळा दिवस. मग लूक, प्रेषितांची कृत्ये, आणि जोडीला रोज एक स्तोत्र. चुकलेल्या दिवसांची थकबाकी भरत बसू नये. आजचा भाग वाचावा. वाचन बंद पडते ते बहुधा या थकबाकीच्या धास्तीने.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणाऱ्याला ‘पहाटे पाच’ हा नियम झेपत नाही. त्याने वाचन घड्याळाऐवजी अंघोळीनंतरच्या चहाला बांधावे. पाळी बदलली तरी चहा चुकत नाही. उतारा एकदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्यांदा मनात. कोण कोणाला बोलतो आहे, देवाविषयी काय कळते आणि आज करण्याजोगे काय आहे, हे वहीत तीन-चार ओळींत लिहावे. ‘प्रेम करावे’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘धाकट्या भावाला आज फोन करणे’ असे लिहावे. आठवड्याला एक वचन (बायबलमधले वाक्य) संदर्भासह पाठ करावे, आणि जुनी वचने महिन्यातून एकदा तरी म्हणून पाहावीत, नाहीतर ती विसरतात.

मार्गदर्शकाची भेट आठवड्यातून एकदा, तासभर पुरते. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला भेटावे (तीत 2:3-5 मधील वडील स्त्रियांचे काम हेच). जागा चारचौघांच्या नजरेतली असावी. आधी वही उघडायची : काय वाचले, त्यातले काय केले, कुठे घसरलो. मग पाठांतर, शेवटी प्रार्थना. भेट नुसत्या गप्पांवर आली की दोन महिन्यांत विरते. तालमीत वस्ताद डाव दाखवतो, पण जोर-बैठका पठ्ठ्यालाच माराव्या लागतात. पौलही तीमथ्याला सुभक्तीची कसरत स्वतः करायला सांगतो (1 तीमथ्य 4:7).

मार्गदर्शक निवडताना वक्तृत्वाला भुलू नये. घरात तो कसा बोलतो, देणी वेळेवर फेडतो का, चूक दाखवली तर ऐकून घेतो का, हे पाहावे. इब्री 13:7 पुढाऱ्यांच्या वागणुकीचा परिणाम पाहायला सांगते. हातउसने पैसे आणि भिशी या नात्यात आणू नयेत. लग्न, नोकरी, जमीन यांबाबत ‘देवाने मला सांगितले, तू हेच कर’ असे बजावणाऱ्यापासून सावध राहावे : 1 राजे 13 मधला देवाचा माणूस वृद्ध संदेष्ट्याच्या अशाच खोट्या शब्दावर विसंबला आणि जिवाला मुकला. बिरुया या गावातल्या लोकांनी पौलाचा उपदेशही शास्त्राशी ताडून पाहिला होता (प्रेषितांची कृत्ये 17:11). भेटीतली कबुली बाहेर जाता कामा नये. मात्र मुलांवरचा अत्याचार, मारहाण किंवा जिवाचा धोका असेल, तर ‘गुप्तता’ लागू होत नाही; पाळकाला आणि पोलिसांना लगेच कळवावे.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांची साखळी तुटते ती पहिल्या काही रविवारीच. म्हणून निघण्याआधी पाळकाकडून सभासदत्वाचा दाखला घ्यावा, तिथली मंडळी फोनवरून ठरवून ठेवावी आणि पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी दाखला द्यावा. जुन्या मार्गदर्शकाने भेटी आठवड्यावरून महिन्यावर आणाव्यात, आणि शिकलेल्याने नव्या गावी एखाद्या धाकट्याला सोबत घेऊन मार्कपासून वाचायला बसावे (2 तीमथ्य 2:2).